शेकाचे दिवस

लाँड्रीच्या मागच्या खोलीत तीन बायका दिवसभर उभ्या असायच्या आणि त्यांतली सगळ्यांत कमी बोलणारी म्हणजे धाकटी. पुढे दुकानात तिचा नवरा आणि दीर गिऱ्हाइकं सांभाळायचे. मागे सासूबाई डाग काढायच्या, थोरली जाऊ धुणं-वाळवणं बघायची आणि धाकटी इस्त्री करायची. तिनं बसवलेली कॉलर अशी बसायची की एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाचं नाव काढत नसे. घरातली माणसं वाईट नव्हती, मुळीच नव्हती. पण मशीनच्या घरघरीत आणि वाफेच्या फुसफुशीत कोण कुणाशी काय बोलणार? बोलणं व्हायचं ते एवढंच: चादरी झाल्या का, त्या डॉक्टरांचा कोट कुठाय, पोरीला शाळेतून कोण आणतंय. रात्री जेवणं उरकली की ज्यानं त्यानं पाठ टेकायची.

अशात एका दुपारी दवाखान्याची ताई दुकानात येऊन उभी राहिली. मोठ्या शहरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यानं गावोगाव फिरायला ज्या बायका नेमल्या होत्या, त्यांतली ही एक. ज्या बायकांना दवाखान्याची पायरी चढायला सवड नाही, त्यांच्यापर्यंत आपणच जायचं, हे तिचं काम. वीटभट्टी, कपड्यांचा कारखाना, लाँड्री, काही म्हणून ती सोडत नसे.

"आमच्याकडे कुणाला काही झालेलं नाही," सासूबाईंनी दारातूनच सांगून टाकलं.

"म्हणूनच आले, आजी," ताई म्हणाली. "झाल्यावर यायचं म्हणजे मला चहासुद्धा गोड लागत नाही. छातीत गाठबीठ नाही ना, एवढं हातानं तपासायचं. सुई नाही, औषध नाही."

सासूबाईंना 'चहा' हा शब्द तेवढा बरोबर ऐकू गेला. चहा झाला, मग हॉटेलची एक चादर दोरीवर आडवी टाकून आडोसा झाला. आणि गंमत म्हणजे सगळ्यांत आधी सासूबाईच आत गेल्या. "बघ गं बाई, आता यात बघण्यासारखं काही उरलं असेल तर," असं म्हणाल्या आणि चादरीपलीकडून त्यांच्याच हसण्याचा आवाज आला. मग थोरली गेली. मग धाकटी.

ताईचे हात गरम होते आणि तोंड सारखं चालू होतं. उजव्या बाजूला, काखेच्या थोडं खाली आल्यावर तोंड थांबलं. बोटं पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"ही कधीपासून आहे?"

"इस्त्री ओढून ओढून आली असेल," धाकटी म्हणाली. तिला गाठ ठाऊक होती. अंघोळीच्या वेळी रोज लागायची हाताला. "दुखत नाही काही."

"दुखत नाही म्हणूनच विचारतेय," ताई म्हणाली आणि तिनं धाकटीच्या अंगावर ओढणी नीट पांघरली. एखाद्या लहान पोरीला पांघरावी तशी. धाकटीला त्या पांघरण्याचीच भीती वाटली.

पुढचं सगळं फार भराभर झालं. मोठ्या शहरातला तो दवाखाना, तपासण्या, "आहे" असं सांगणारा डॉक्टर आणि त्याच्यासमोर खाली मान घालून बसलेला नवरा. छातीची उजवी बाजू काढावी लागली. त्यानंतर केमोची सलाइनं, आणि त्यानंतर मशीनखाली झोपून घ्यायचा किरणांचा उपचार. त्याला सगळ्या बायका 'शेक' म्हणायच्या. गावाहून येऊन-जाऊन हे सगळे सहा-सात महिने जमण्यासारखं नव्हतं. ताईनं धावपळ करून दवाखान्याच्या मागच्या निवाऱ्यात तिची सोय लावून दिली. लांबून आलेल्या बायकांसाठी कुणा भल्या माणसांनी चालवलेली ती इमारत. नवऱ्यानं तिची पिशवी खाटेखाली सरकवली, पोरीची काळजी करू नकोस, थोरली आहे, असं म्हणाला आणि दाराशी जाऊन परत आला. "येऊ ना मी?" म्हणाला. जाणारा माणूस 'येऊ' म्हणतो, तसं. मग तो गेला.

खोलीत दोन खाटा होत्या. दुसऱ्या खाटेवर एक आडव्या हाडाची बाई पाय पसरून बसली होती. डोक्यावर केस नव्हते, भुवयाही नव्हत्या, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या बायका दचकून वर बघतील. कुठल्याशा तालुक्याच्या गावात तिची पिठाची गिरणी होती. जन्मभर गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, ती इथल्या शांततेतही सुटत नव्हती. सगळा निवारा तिला गिरणीवाली म्हणायचा.

धाकटी पहिले काही दिवस बोललीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेवटी एका सकाळी गिरणीवाली तिच्या खाटेशी येऊन उभी राहिली.

"काय गं, डॉक्टरांनी जीभपण कापली का तुझी?"

धाकटीनं वळून पाहिलं. तिला राग यायला हवा होता. आलं ते हसू. आणि हसताना टाके ओढले गेले म्हणून डोळ्यांत पाणी, आणि पाणी आलं तसं मग ते थांबेचना. गिरणीवाली खाली बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रड, रड. मी पण इथं आले तेव्हा असा भोंगा लावला होता की रखवालदार वर आला."

त्या दिवसापासून धाकटी 'मुकी' झाली आणि गिरणीवाली 'अक्का'.

सकाळी दोघी बरोबरच दवाखान्यात जायच्या. दुपारी परत आल्या की मग काही नाही. धाकटीला या 'काही नाही'ची सवयच नव्हती. दुपारच्या वेळी आपण बसलोय, हाताला काम नाही आणि कुणी हाकही मारत नाही, हे तिला आधी चोरी केल्यासारखं वाटायचं. अक्काची चादर ओढून ती घड्या घालत बसायची. अक्का ती घडी उसकटून टाकायची. "बस गं जरा! चादरीला कुठं लग्नाला जायचंय?"

नर्सनं हाताचा व्यायाम दिला होता. भिंतीवर बोटं मुंगीसारखी चढवत न्यायची, रोज थोडी जास्त वर. अक्कानं त्याची शर्यत केली. जी हरेल तिनं दुसरीच्या पायांना तेल लावायचं. केमोमुळे दोघींच्या तळव्यांना मुंग्या यायच्या, रात्र-रात्र आग व्हायची. अक्का उंच होती, तिचा हात सहज वर जायचा, तरी ती बऱ्याचदा हरायची. हे धाकटीच्या फार उशिरा लक्षात आलं. अक्काचे तळहात खरखरीत होते, पण दाब असा असायचा की आग उतरत उतरत पार पंज्यातून निघून जायची. धाकटीची आई ती फ्रॉक घालायच्या वयात गेली होती. त्यानंतर तिच्या पायाला कुणाचा असा हात लागला नव्हता.

एकदा दार लावून दोघींनी एकमेकींना व्रण दाखवले. अक्कानं बराच वेळ बघितलं, मग स्वतःचा कोरा सपाट भाग दाखवत म्हणाली, "माझी डावी गेली, तुझी उजवी. दोघी मिळून अजून एक धड बाई होते बघ." आणि दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतल्या आजींनी भिंत ठोकली.

आणि धाकटी बोलायला लागली. इतकं बोलायला लागली की तिचं तिलाच नवल वाटे. इस्त्री करताना मनात काय काय चालायचं ते. कोटाच्या खिशात काय काय निघायचं ते. आपल्याला पोहायला शिकायचं होतं, हेही तिनं सांगितलं. ते तर तिनं स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. अक्का सगळं ऐकायची. मध्येच एखादा प्रश्न असा विचारायची की ऐकतेय हे कळावं. "मग पुढं काय झालं त्या पाळलेल्या बकरीचं?" असं तिनं दुसऱ्या दिवशी आठवणीनं विचारलं. आपली एवढीशी गोष्ट कुणीतरी रात्रभर जपून ठेवली होती.

शेक संपत आले तशा सगळ्या बायका दिवस मोजायला लागल्या. धाकटी मोजत नव्हती. शेवटच्या दिवशी निवाऱ्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. अक्काचे शेक आदल्याच आठवड्यात संपले होते, तरी काहीतरी कारण काढून ती थांबली होती. "तपासणीची तारीख एकच घेऊ दोघी," ती म्हणाली. "भेटू इथंच." धाकटीला घ्यायला नवरा आला होता. रिक्षा वळेपर्यंत तिनं मागे मान वळवून ठेवली.

घरी सगळ्यांनी तिला तळहातावर झेललं. सासूबाई इस्त्रीला हात लावू देईनात. थोरली ताट हातात आणून द्यायची. पोरगी कुशीत शिरायची, आणि कुठल्या बाजूला शिरायचं ते विसरून मग एकदम आठवल्यासारखी सरकायची. धाकटीचा जीव घरात रमायला हवा होता. सगळं असूनही दुपार झाली की तिच्या जिवाची तगमग सुरू व्हायची. आत्ता अक्का उशी पाठीशी घेऊन बसली असती. आत्ता म्हणाली असती, मुके, काल कुठवर आलो होतो आपण?

बरी होऊन घरी आलेल्या बाईला आजारपणाची खोली आठवते, हे सांगायचं तरी कुणाला? लोक म्हणतील, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. तिची तिलाच लाज वाटायची. त्या खोलीत उलट्या होत्या, तोंडातले फोड होते, उशीवर गळून पडलेले केस होते. तिला ते काही नको होतं. पण त्याला चिकटून जे होतं, ते मात्र हवं होतं. आणि एकातून दुसरं सोडवून कसं घ्यायचं, ते तिला कळत नव्हतं.

रात्री नवरा खाटेच्या अगदी कडेला झोपायचा. तिला लागेल, दुखेल या धास्तीनं. दुखत नाही आता, असं तिनं एकदा सांगितलं. "असू दे, असू दे," तो घाईघाईनं म्हणाला आणि आणखी कडेला सरकला. खाली पडला नाही एवढंच.

सुरुवातीला अक्काला फोन लागायचा. मागे गिरणीची धडधड आणि त्यावर तिचा आवाज: "मुके, गिऱ्हाईक आहे गं, नंतर करते!" नंतरचा फोन काही यायचा नाही. हळूहळू धाकटीनंही करणं कमी केलं. तारीख ठरलेली होती. त्या तारखेवर ती जीव धरून होती.

त्या दिवशी ती आणि नवरा पहाटेच्या गाडीनं निघाली. तिनं नवा स्कार्फ बांधला होता. पिशवीत अक्कासाठी पायाला लावायच्या तेलाची बाटली होती. दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात बाकांवर बायकाच बायका. उंच, आडव्या हाडाची बाई दिसली की धाकटी उठून उभी राहायची आणि परत बसायची. नंबर आला, तपासणी झाली, "सगळं छान आहे" असं डॉक्टर म्हणाले. ते नीट ऐकलं नवऱ्यानं. ती परत बाकावर येऊन बसली. व्हरांडा रिकामा झाला, झाडूवाली बाई पाय वर घ्या म्हणाली, तरी अक्का आली नाही.

तिनं फोन लावला. धडधड ऐकू आली आणि तिच्या जिवात जीव आला. म्हणजे जिवंत होती.

"अक्का, मी आलेय. तू कुठंयस?"

पलीकडे गिरणी बंद झाली. अक्कानं बटण बंद केलं होतं. तिचा आवाज धाकटीनं पहिल्यांदाच इतका हळू ऐकला.

"मुके, रागावू नकोस. मी इथंच जवळच्या दवाखान्यात दाखवून आले. मला नाही यायचं तिथं. तो वास आठवला तरी मला ढवळतं. तुझा फोन आला ना, तरी ती खोली डोळ्यांपुढं येते. मला ती खोली विसरायचीय गं."

धाकटीनं पिशवीतली तेलाची बाटली उगाच खाली-वर केली.

"तुला नाही वाटत तसं?"

"मला परत जावंसं वाटतं," धाकटी म्हणाली. असं मोठ्यानं ती पहिल्यांदाच म्हणाली. "त्या खोलीत."

"वेडी का खुळी तू? घरी काही त्रास आहे का तुला? मारतात, बोलतात?"

"नाही. सगळे चांगले आहेत."

"मग?"

"घरी दुपारी कुणी बोलत नाही," धाकटी म्हणाली. तिला आणखी नीट सांगता आलं नाही.

पलीकडे कुणाची तरी हाक, मग डब्याचा आवाज. "ठेवते गं," अक्का म्हणाली, आणि धडधड परत सुरू व्हायच्या आत फोन बंद झाला.

परतीच्या गाडीत, फोनवरचं बोलणं ऐकलेला नवरा खिडकीबाहेर बघत होता. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्या बाईला जे सांगायचीस ते मला सांगत जा ना. मी ऐकीन." दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान भावावर टाकून तो खरोखरच येऊन बसला. मांडी घालून, शाळेतल्यासारखा. धाकटीनं बकरीची गोष्ट काढली. बकरी हरवते तिथवर येईपर्यंत त्याची मान छातीवर आली होती. पहाटेपासून राबलेला माणूस. तिनं त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. तिला तो आवडला त्या क्षणी, फार आवडला. आणि तरीही अक्काची आठवण कणभरसुद्धा कमी झाली नाही.

पुढच्या फेरीला ताई आली तेव्हा धाकटी इस्त्रीवर परतली होती. ताईची एक अडचण होती. चिंध्यांच्या गोदामातल्या बायका तिला आत घेत नव्हत्या. "तू नुसती माझ्याबरोबर बस," ती म्हणाली. "बोलू नकोस हवं तर."

"बरी झाली म्हणून आता नर्स झाली का?" सासूबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी धाकटीची चप्पल त्यांनीच पुसून दाराशी ठेवली.

गोदामात ताईचं बोलणं बायकांनी एका कानानं ऐकलं. मग एक जख्ख म्हातारी धाकटीला म्हणाली, "तुला झालं होतं म्हणतात, मग दाखव." धाकटीनं चिंध्यांच्या ढिगाआड जाऊन दाखवलं. म्हातारी कितीतरी वेळ बघत राहिली. "आणि तरी जिवंत आहेस," ती म्हणाली, जणू धाकटीनं काहीतरी लबाडी केली होती. मग तिनं आपल्या सुनेला हाक मारली.

असं होत गेलं. आठवड्याच्या सुट्टीला धाकटी ताईबरोबर जाऊ लागली. चिंध्या निवडणाऱ्या एका बाईला गाठ निघाली आणि तिच्याबरोबर जायला घरचं कुणी नव्हतं, तेव्हा धाकटी आपण होऊन म्हणाली, "मी राहते हिच्यापाशी." मनातून तिला वाटत होतं, आता परत ते दिवस येतील. निवारा तोच होता. खोली दुसरी मिळाली, पण भिंत तशीच, खाटा तशाच. चिंधीवालीला बोलायची आवड नव्हती. ती सारखी झोपायची आणि जागी असली की फोनवर मालिका बघायची. धाकटीनं तिच्या पायाला तेल लावायला घेतलं तर तिनं पाय ओढून घेतले. "गुदगुल्या होतात, बाई!" धाकटी हसली आणि बाटली बाजूला ठेवली. त्या बाईचं सगळं तिनं मनापासून केलं, रांगेत उभी राहिली, उलटीचं भांडं धरलं. पण जिन्यात कुणी मोठ्यानं बोललं की तिचे कान टवकारायचे. अक्काची आठवण तिला इथं आली तेवढी घरीही आली नव्हती.

वर्ष लोटलं असेल. ताईची गाडी एका तालुक्याच्या गावी निघाली. गाव अक्काचं होतं, नाव ऐकताच धाकटीनं ओळखलं. शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली, पडदे लावले. गावातून गाडी फिरवून हाळी दिली. फार कुणी आलं नाही. आल्या त्या दोघी-तिघी दारातूनच आत डोकावून, तोंडावर ओढणी धरून, "हा रोग लागतो म्हणतात, ज्यांना झालाय त्याच बायका आणल्यात," असं कुजबुजत परत गेल्या.

लांबून गिरणीची धडधड ऐकू येत होती. "मी जरा जाऊन येते," धाकटी ताईला म्हणाली आणि त्या आवाजामागं चालत गेली.

गिरणी भर चौकात होती. बाहेर डब्यांची रांग आणि डब्यांजवळ बायका. आत, पिठाच्या धुक्यात, अक्का उभी होती. केस आले होते, आखूड आणि कुरळे. भुवया, पापण्या पिठानं पांढऱ्या. ती कुणाला तरी मोठ्यानं काही सांगून हसत होती. धाकटी उंबऱ्याशी थांबली. एवढी ती दूर असताना आठवत होती, आणि आता चार पावलांवर होती तर पाय उचलेना.

अक्कानं पाहिलं. तिच्या हातातलं माप तसंच राहिलं. मग ती पुढे आली आणि पिठाच्या हातांनी तिनं धाकटीला गच्च धरलं.

"कोण हो या?" रांगेतल्या एकीनं विचारलं.

अक्काचे हात किंचित सैल झाले. "ओळखीच्या आहेत," ती म्हणाली. "भावाच्या गावच्या. गेल्या खेपेला मी मुक्कामाला होते ना, तेव्हा शेजारी होत्या."

धाकटीनं तिच्या डोळ्यांत बघितलं. त्या डोळ्यांत इतकी काकुळती होती की क्षणात सगळं उलगडलं.

"हो," धाकटी म्हणाली. "शेजारी राहायला होते मी. यांच्यामुळे वेळ छान गेला."

अक्कानं गिरणी बंद केली. "पट्टा गरम झालाय, थोडा वेळ लागेल," असं बायकांना सांगून तिनं धाकटीला मागच्या खोलीत नेलं. धान्याच्या पोत्यांवर दोघी बसल्या.

"कुणाला ठाऊक नाही," अक्का म्हणाली, "फक्त लेकाला आणि सुनेला. दळणाचं काम आहे माझं, मुके. माझा हात सगळ्यांच्या पिठाला लागतो. लागतो म्हणतात हा रोग. त्यांना कळलं तर उद्या ही रांग दुसऱ्या गिरणीवर जाईल. म्हणून तुझा फोन आला की छाती धडधडायची. कुणी ऐकलं तर? मग मी तुला त्या वासाचं सांगितलं. तेही खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं."

"मला वाटलं, तुला मी नकोशी झाले."

अक्कानं धाकटीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो फिरवत राहिली, अगदी वरपासून खालपर्यंत, पूर्वीसारखा. धाकटीनं डोळे मिटले. तिला किती काय सांगायचं होतं! वर्षभर साठवलेलं. चिंधीवालीचं, म्हातारीचं, बकरीच्या गोष्टीत झोपलेल्या नवऱ्याचं. नवऱ्याचं सांगून झालं तेव्हा अक्का आवाज दाबून इतकी हसली की पोतं हललं. पुढचं सांगायला तिनं तोंड उघडलं, तोच बाहेरून डबा आपटल्याचा आवाज आला. "अहो काकू, झाला का पट्टा थंड?"

"जा आता," अक्का म्हणाली. पण हात काढला नाही. "शाळेत कुणी येतंय का?"

"नाही."

अक्का उठली. नाक वर ओढलं, हातानंच तोंड पुसलं, त्यामुळे तोंडभर पीठ झालं. धाकटी मागच्या दारानं बाहेर पडली.

ती शाळेत पोचली, टेबलाशी बसली, आणि थोड्याच वेळात फाटकातून बायकांचा घोळका आत आला. कुरकुरत, एकमेकींना ढकलत. सगळ्यांत पुढे एक तरुण बाई होती, पोट वाढलेली, सहावा-सातवा महिना असावा.

"गिरणीवाल्या आमच्या सासूबाई," ती ताईला म्हणाली. "त्यांनी पाठवलंय आम्हाला."

"पाठवलंय कसलं!" मागून एक बाई फणकारली. "दळण अडवून ठेवलंय. म्हणाल्या, आधी तिकडं जाऊन तपासून या, मगच डबा मिळेल. काय तरी एकेकाचं!"

ताईनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी पडदा नीट करत होती. संध्याकाळपर्यंत तिला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. एका बाईची गाठ ताईच्या बोटांना लागली. आता घरात कोण घेईल मला, असं ती म्हणाली तेव्हा धाकटी तिच्याजवळ जाऊन बसली, आणि तिचा हात हातात घेऊन फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "लागतबिगत काही नाही हा रोग. मी ज्या बाईजवळ सहा-सात महिने झोपले-उठले, तिलाही होता आणि मलाही होता. कुणाचा कुणाला लागला नाही, की घरी माझ्या पोरीला, जावेलाही लागला नाही. लागली ती माया." हे शेवटचं तिच्या तोंडून निसटून गेलं.

सून सगळ्यांत शेवटी उठली. जाताना धाकटीच्या कानाशी लागून हळूच म्हणाली, "घरी त्या तुमचं फार बोलतात. दार लावून."

गाडी निघाली तेव्हा चौकात अजून रांग होती. गिरणी चालू होती, दारातून पांढरा धुरळा येत होता. अक्का बाहेर आली नाही, आणि धाकटीनंही ड्रायव्हरला थांब म्हटलं नाही.

त्यानंतर ताईची गाडी दर वर्षी त्या गावी जाते. तिथल्या शाळेत गाठ निघालेली ती बाई बरी झाली, तिच्याबरोबर निवाऱ्यात धाकटीच राहिली होती. अक्काचं अजून गावाला ठाऊक नाही. धाकटीनं कुणाला सांगितलेलं नाही आणि तुझं तू सांग असं अक्काला कधी म्हटलेलंही नाही. गाडी आली की पट्टा गरम होतो. दोघी पोत्यांवर बसतात, आणि आधी कुणी काय सांगायचं यावरून वेळ वाया जातो. मग डबा वाजतो.

मधल्या सगळ्या महिन्यांत धाकटी इस्त्री करते. कॉलर बसवता बसवता एखादी गोष्ट आठवते. ही अक्काला सांगायची, असं म्हणून ती मनात बाजूला काढून ठेवते, आणि दुसरा शर्ट ओढून घेते.